मेलेल्या बाईचं भाषांतर

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल चालू ठेवून तुम्ही तिकडून आणि मी इकडून एकाच वेळी तो भुताचा सिनेमा लावला, आणि मध्येच तुमच्यापैकी कुणीतरी भूत सोडून कोपऱ्यातल्या माझ्या चौकटीकडे पाहिलं. माझे डोळे घट्ट मिटलेले होते. त्याचा फोटो आता सगळ्या नातेवाइकांकडे फिरतो आहे, खाली ‘आजी झोपली’ असं लिहून. मी झोपले नव्हते. मला भयपट फार आवडतात असं मी आयुष्यभर सांगत आले आणि ते खरंच आहे. फक्त ते मी कसे पाहते हे कुणी विचारलं नव्हतं. आता फोटोच निघाला, तेव्हा क्रमानं सांगून टाकते. नाहीतर तुमचे आजोबा सांगतील, आणि ते मध्ये मध्ये इतके खोकतात की तुम्ही त्यांना म्यूट करता.

लग्न झालं तेव्हा मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि त्याची मला बरीच घमेंड होती. घरात पुस्तकं होती दहा-बारा, पण ती मी लेखकांच्या आडनावाप्रमाणे लावून ठेवली होती. गुलमंडीच्या मागे दोन खोल्यांत आमचा संसार होता. तुमचे आजोबा चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर जायचे. सासू-सासरे चितेगावजवळ शेतावर असत. त्या उन्हाळ्यात जवळच्या एका मुलींच्या शाळेनं मला विचारलं, इंग्रजी शिकवायला येता का. मला जायचं होतं. इतकं, की पहिल्या दिवशी नेसायची साडी मी कुणाला न सांगता इस्त्री करून ट्रंकेत ठेवून दिली होती. सासऱ्यांचा निरोप आला की घरात काय कमी आहे. आजोबा म्हणाले, आई म्हणेल तसं. म्हणजे सगळं माझ्या सासूबाईंवर, तुमच्या पणजीवर, येऊन थांबलं. शाळा उघडायच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. शनिवारी त्या एसटीनं यायच्या, सोबत ज्वारीचं पीठ, वांगी आणि फडक्यात बांधलेल्या भाजक्या शेंगा. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. नोकरीचं विचारल्यावर त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. “इंग्रजीचा उपेग काय असतो, ते मला बघू दे आधी,” एवढंच म्हणाल्या.

तो उपयोग त्यांना दुसऱ्याच दिवशी गुलमंडीच्या चौकात सापडला. रविवारी सकाळच्या खेळाला टॉकीजमध्ये इंग्रजी सिनेमा लागायचा. त्याचं पोस्टर तिथं होतं: पांढरीफटक बाई, डोळे विस्फारलेले, तोंडावर हात. आत्याबाईंना भुताचे सिनेमे आवडत, पण हिंदी भुतांविषयी त्यांचं मत चांगलं नव्हतं. “गाणं म्हनत हिंडतं ते. त्याला काय भ्यायचं?” इंग्रजी भूत कामाचं असेल असं त्यांना वाटलं, आणि ते काय बोलतं हे सांगायला घरात सून होतीच.

त्या खेळाला सगळी कॉलेजची पोरं असायची. तीही भुतासाठी आलेली नसत. डोक्यावर पदर घेतलेलं नऊवारी लुगडं आत शिरलं आणि शिट्ट्या थांबल्या. एकानं समोरच्या खुर्चीवरचे पाय खाली घेतले. आत्याबाई ऐसपैस बसल्या, मांडीवर शेंगांचं फडकं सोडलं, आणि मला म्हणाल्या, “हं, सांग आता.”

अडचण अशी होती की मला भयपट आवडतात पण बघवत नाहीत. संगीत चढायला लागलं की माझे डोळे मिटतात आणि ते उतरलं तरी बराच वेळ उघडत नाहीत. तेव्हा आत्याबाई पडद्याकडे बघायच्या, आणि मी खाली मान घालून ऐकायची व त्यांच्या कानात मराठीत सांगायची. तो म्हणतोय, तळघरात जाऊ नकोस. “मंग ती कामून चालली?” आता ती चालली आहे हे मला कुठं माहीत. त्यांना दिसायचं ते कळायचं नाही, मला कळायचं ते दिसायचं नाही. दोघींचा मिळून एक प्रेक्षक होत होता. घरी आल्यावर त्या आजोबांना सगळा सिनेमा हातवारे करून सांगायच्या, तेव्हा मी तो पहिल्यांदा पाहायची.

असे चार-पाच रविवार गेले. डोळे मिटूनही मला एक गोष्ट कळायची, ती म्हणजे शेंगा. थडग्यातून हात वर आला, पोरं ओरडली, की शेजारी शांतपणे शेंग फुटायची. मुडदा उठून बसला, आणखी एक. पण कधीकधी कुणी ओरडत नसताना, संगीतही नसताना, शेंगा थांबायच्या आणि आत्याबाईंची बोटं माझ्या मनगटावर यायची. परीक्षेत मी भय आणि करुणा यांवर चांगलं दोन पानी उत्तर लिहिलं होतं. त्यात या बोटांचा उल्लेख नव्हता.

मग मे महिन्यातला शेवटचा रविवार आला. सोमवारी शाळेला उत्तर द्यायचं होतं आणि आत्याबाई अजून काही बोलल्या नव्हत्या. त्या दिवशीच्या सिनेमात माणसं फार कमी बोलत होती. अर्ध्यानंतर तर बोलणं थांबलंच. नुसती पावलं, मध्येच काहीतरी पडल्याचा आवाज, पुन्हा शांतता. माझे डोळे अर्थातच मिटलेले. आत्याबाईंनी कोपरानं ढोसलं. “काय म्हनायली ती?”

कुणीच काही म्हणत नव्हतं. पण काहीच म्हणत नाही असं सांगितलं तर इंग्रजीचा उपयोग तो काय राहिला? मी कुजबुजले, “ती म्हणतेय, मला फार भूक लागली आहे.”

“कोन?”

“ती बाई.”

“ती कवाच मेली,” आत्याबाई म्हणाल्या. “जिन्याखाली पडलीय. तिला कशाची भूक लागायली?” पुढच्या रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. “डोळे उघड, बी.ए.बाई.”

ट्रंकेतली साडी मला तिथं अंधारात स्पष्ट दिसली, कायमची घडी घातलेली. डोळे उघडायचा धीर होईना. तेवढ्यात पडद्यावर दार वाजलं, आणि आत्याबाईंची बोटं माझ्या मनगटावर इतकी जोरात आली की बांगड्या रुतल्या. मी वाट पाहिली. बोटं सैल होईनात. असं काय भयंकर आलं आहे म्हणून शेवटी मी डोळे उघडले.

पडद्यावर एक दार होतं. साधं लाकडी, आतून कडी लावलेलं. अलीकडे कपाटामागे एक बाई मुलाला पोटाशी धरून बसलेली. दार पुन्हा वाजलं, कडी जराशी हलली. बाकी काही नाही.

“बाहेर कोण आहे?” मी विचारलं.

“ते कळत नाय,” आत्याबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. “म्हनून तर.”

बाहेर आल्यावर त्या उन्हातच उभ्या राहिल्या. मी वाट पाहत होते ती माझ्या मेलेल्या बाईवरून बोलणी बसण्याची. त्यांनी सांगितलं ते दुसरंच. पोलीस ॲक्शनच्या सुमाराचे, इकडचं संस्थान खालसा झालं तेव्हाचे दिवस होते. कोण कुणाचं दार कशासाठी वाजवेल याचा भरवसा नव्हता. घरात त्या एकट्या, कडेवर तान्हं मूल, आणि मुलाला खोकला झालेला. दार वाजलं तशा त्या मागच्या गोठ्यात कडब्याआड जाऊन बसल्या आणि मुलाच्या तोंडावर हात धरला. बाहेरच्यानं हाक मारली नाही, नाव सांगितलं नाही. वाजवत राहिला आणि मग निघून गेला. तो कोण होता हे पुढंही कधी कळलं नाही. शेजारचा मिठाला आलेला असेल, किंवा नसेल.

“त्याचं काय भ्या नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तो गेल्यावर माझा हात निघंना. काढल्यावर लेकरू रडंल का नाय, त्याचं भ्या.”

त्यांना एकच मुलगा होता, त्यामुळे ते लेकरू कोण हे मला विचारावं लागलं नाही. “रडलं का?” मी विचारलं.

“लई. गावभर ऐकू गेलं.” त्यांनी उरलेल्या शेंगा माझ्या हातात दिल्या आणि चालायला लागल्या.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर त्यांनी आपणहूनच विषय काढला. आजोबांना म्हणाल्या, “हिला शाळेत जाऊ दे. मेलेल्या बाईचं बोलनं कळतं हिला, जित्या पोरींचं कळंलच.” आजोबांना काही उलगडा झाला नाही, पण ते वाक्य त्यांनी पाठ करून ठेवलं आणि माझ्या निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. आत्याबाई सासऱ्यांना काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. निरोप पुन्हा आला नाही. साडी मी नेसले. पहिल्या तासाला फळ्यावर स्वतःचं नाव लिहिताना स्पेलिंग चुकले, हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत की माझा सगळ्यात आवडता भयपट कोणता. तोच. नाव आठवत नाही, आणि पाहिला म्हणावा तर एक दार तेवढं पाहिलं. पुढं त्यात भूत निघालं, हिरव्या चेहऱ्याचं, दात असलेलं म्हणे. आत्याबाईंनी ते बघत शेंग फोडली आणि मी समाधानानं डोळे मिटले. तुमच्या रविवारच्या सिनेमात भूत फार लवकर आलं. मी शेंगा घेऊन बसले होते. एकदाही थांबावं लागलं नाही. फोटोत नीट पाहिलंत तर तोंडात शेंगा दिसतील. झोपलेली बाई शेंगा खात नाही.

ती टॉकीज पाडली, तिथं आता कपड्यांची दुकानं आहेत. आत्याबाईंना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. तुमचे आजोबा आहेत. बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेत आणि मोठ्यानं खोकताहेत.