नायमधले पैसे

आमच्या घरात शिलकीला 'नाय' म्हणायचे. "या महिन्यात नायमध्ये किती टाकायचे?" असं मी नवऱ्याला विचारायचे आणि तो डोकं खाजवत म्हणायचा, "बघू, ओव्हरटाइम किती लागतो ते." बाहेरच्या कोणी ऐकलं असतं तर दोघं खुळी झालीत असंच म्हटलं असतं. आम्हाला मात्र त्या शब्दाचा अर्थ पक्का माहीत होता. पैसे आहेत, पण कोणाला सांगायचे नाहीत.

हे नाव सासूबाईंनी दिलं. आम्ही तिघं पोशीरला राहतो. नवरा खालापूरच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये ठेकेदाराच्या माणसांत आहे आणि मी कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर चादरी-टॉवेलांच्या कामाला जाते. सासूबाई घरचं थोडंसं भात करायच्या, भात निघालं की त्याच वावरात वाल टाकायच्या आणि वालाच्या शेंगा शनिवार-रविवारी रस्त्याला बसून मुंबईच्या गाडीवाल्यांना विकायच्या. आमचं बरं चाललं होतं. मग एकदा ठेकेदाराने कामावर दुसरी माणसं आणली आणि नवरा घरी बसला. त्याला पुन्हा काम लागेपर्यंत माझ्या कानातले गेले. तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण किती काठावर उभे आहोत.

त्याच सुमाराला माझ्या फोनवर एक माणूस यायला लागला. पांढराशुभ्र शर्ट, मागे पुस्तकांचं कपाट. प्रत्येक घराने सहा महिन्यांच्या खर्चाइतके पैसे अडीनडीला बाजूला ठेवावेत, असं तो सांगायचा. आधी अनावश्यक खर्च शोधा, बाहेरची कॉफी बंद करा, म्हणायचा. मी शोधायला बसले. आमच्या घरात आतलीच कॉफी नव्हती, तर बाहेरची कुठून बंद करणार? शेवटी एकच खर्च हाती लागला, तो म्हणजे सासूबाईंची मिश्री. त्यांना तसं म्हटलं तर त्या बोटावर मिश्री घेत हसल्या. "माज्या मिश्रीवर सा म्हैनं जगाल का गं?"

पहिले पैसे मी तांदळाच्या डब्यात ठेवले. ते टिकले नाहीत. नणंदेला मुलाच्या क्लासची फी भरायची होती, शेजारणीचा गॅस संपला होता, विहारावर नवे पत्रे टाकायचे होते म्हणून वर्गणी आली. मागणारे सगळे आपलेच आणि कारणंही खरी. मला 'नाही' म्हणता यायचं नाही, आणि नवऱ्याचं तोंड म्हणजे उघडं दुकान, आत काय आहे ते रस्त्यावरूनच दिसायचं. पैसे परत यायचे, पण चिल्लर होऊन यायचे, आणि चिल्लर भाजीत जाते.

एके दिवशी सासूबाईंनी रिकामा डबा बघितला आणि मला समोर बसवलं.

"हाय म्हटलं का पैशाला पाय फुटतात. नाय म्हणायला शिक."

"पण आई, समोर बसलेल्या माणसाला कसं म्हणायचं?"

"लगीच म्हणायचं नाय. लगीच नाय म्हणती तिच्याकडं असतात, हे समद्यांना ठावं हाय. आदी च्या टाकायचा. तिची इचारपूस करायची. मंग सावकाश म्हणायचं, आमच्याकडं तर नायच गं."

त्यांनी माझ्याकडून ते दोन-तीनदा म्हणून घेतलं. त्या शेजारीण झाल्या, मी मी झाले. पहिल्या वेळी मला हसू आलं तर मला म्हणाल्या, "हसलीस का गेलं." नवरा दारात उभा राहून बघत होता. त्याला त्यांनी सांगितलं, "तू काय बोलूच नको रं. कुनी आलं का शेतात जा."

त्या दिवसापासून शिलकीचं नाव नाय पडलं. मग मी आणखी एक युक्ती केली. नवऱ्याला पैसे खालापूरच्या एका बँकेत ठेवायला लावले. मुद्दाम तिथे. कार्ड घेतलं नाही आणि फोनलाही जोडलं नाही. काढायचे तर नवऱ्याने अर्धी सुट्टी टाकून रांगेत उभं राहायचं. त्याचा आळस हाच आमचा वॉचमन.

नाय वाढायला लागला. गेस्ट लोक उशीखाली ठेवून जायचे ते, नवऱ्याचा ओव्हरटाइम, आणि सासूबाईंच्या शेंगांचे पैसे. सगळ्यांत जास्त हौस त्यांनाच. रविवारी संध्याकाळी कनवटीच्या चुरगळलेल्या नोटा काढून माझ्या हातात द्यायच्या आणि वर विचारायच्या, "आता किती नाय हाय?" आकडा ऐकला की गालातल्या गालात हसायच्या. मलाही त्या पैशांनी काय दिलं ते सांगते. रिसॉर्टवर मॅनेजर चादरीवरच्या डागावरून ओरडायचा तेव्हा मी मान खाली घालून मनात म्हणायचे, ओरड बाबा, उद्या काढून टाकलंस तरी आम्ही लगेच मरत नाही. त्या दिवसांत मला झोप चांगली लागायची.

अड कशाला म्हणायचं यावर मात्र रोज वाद. फ्रिज बंद पडला. सासूबाई म्हणाल्या, "ही अड नाय. फ्रिज नवता तवा काय उपाशी होतो?" मोटरसायकलचं इंजिन गेलं. "एसटीनं जा." नवऱ्याची दाढ सुजली, गाल टरारून फुगला, तर त्याला लवंग दिली. "दातानं कोन मेलंय?" कोर्टात जज असतो तशा त्या ओट्यावर बसून निकाल द्यायच्या, आणि आम्ही कुरकुरत का होईना, ऐकायचो. सहा महिन्यांचा खर्च जमायला अजून अवकाश होता, पण निम्म्याच्या वर गेलो होतो. ज्याच्याकडे बोट दाखवून अड म्हणावं असं काही घडू नये, एवढीच इच्छा होती.

गेल्या खेपेला भात कापून झालं आणि सासूबाई वाल टाकायला वावरात गेल्या. तिथे कापलेल्या भाताचं धसकट त्यांच्या अंगठ्याखाली घुसलं. त्यांना साखरेचा त्रास होता, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या. घरी आल्या, हळद लावली, चिंधी बांधली. मी विचारलं, "दुखतंय का आई?"

"नाय."

पुढे त्या नवऱ्याचे जुने मोजे घालून घरात वावरायला लागल्या. थंडी वाजते म्हणाल्या. थंडी होतीच. शेंगा विकायलाही मोज्यांतच जायच्या. मी अधूनमधून विचारायचे आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. चहा द्यायच्या, रिसॉर्टवर आज किती माणसं होती ते विचारायच्या आणि मग सावकाश सांगायच्या, "नाय गं, कायसुदिक नाय."

मग घरात वास यायला लागला. त्या म्हणाल्या, माळ्यावर उंदीर मेला असणार. नवरा बॅटरी घेऊन माळ्यावर चढला. भाताची पोती हलवली, जुने डबे काढले, कोळिष्टकांनी डोकं भरून घेतलं. सासूबाई खाली खाटेवर बसून त्याला जागा दाखवत होत्या, "त्या कोपऱ्यात बघ रं. कौलाच्या खाली बघ." अख्खी दुपार त्याने तो उंदीर शोधला. मी खालून झाडू देत होते. उंदीर मिळाला नाही तेव्हा त्यांनी अगरबत्ती लावायला सांगितली, आणि मी लावली.

त्यांना ताप भरला, त्या बरळायला लागल्या, तेव्हा मी मोजा काढला. अंगठा काळा पडला होता आणि काळं वर सरकत चाललं होतं. नवऱ्याने एकदा बघितलं आणि तो बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

कर्जतच्या डॉक्टरांनी हात लावला नाही, मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतके दिवस काय करत होता? वेळेवर आला असता तर अंगठ्यावर भागलं असतं." आता पाय गुडघ्याखाली कापावा लागणार होता. मी म्हटलं, आम्ही विचारत होतो, त्या दुखत नाही म्हणायच्या. बाई म्हणाल्या, साखरेच्या पेशंटला पायाची जाणीव कमी होते, खरंच दुखत नसेलही. नाहीतर लपवलं असेल. दोन्ही असतं.

नवरा खालापूरला जाऊन सगळे पैसे घेऊन आला. रांगेत उभा राहिला, सही केली, आणि आमचा वॉचमन बिचारा कामाला आलाच नाही. ऑपरेशनचा खर्च सरकारी योजनेत बसला. पण तपासण्या, रक्त, बाहेरून आणायची औषधं, गाडीभाडं आणि नंतरची रोजची ड्रेसिंगं नायमधून गेली.

ऑपरेशनला न्यायच्या आधी सासूबाई शुद्धीवर होत्या. त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावलं.

"पैसं कुटनं आनलंस रं?"

"नायमधनं."

त्या इतक्या संतापल्या की सलाईनचा हात उचलला. "ते अडीला ठेवलं व्हतं ना?"

"मंग ही काय हाय, आई?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिकडेच बघत म्हणाल्या, "म्हातारीचा पाय. ही अड नाय."

नवरा माझ्यासमोर कधी रडला नव्हता. तो तिथे वॉर्डातल्या सगळ्या बायकांसमोर रडला. मला रडू आलं नाही, राग आला. त्यांचा, माझा, त्या पांढऱ्या शर्टवाल्याचा. सहा महिन्यांचा खर्च मोजताना मी तांदूळ मोजला, वीजबिल मोजलं, हप्ते मोजले. जिच्यासाठी अडीला पैसे ठेवायचे ती बाईच स्वतःला अडीत मोजत नाही, हे कुठे धरायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

घरी आणल्यावर माणसं भेटायला आली. नणंद डोळे पुसत म्हणाली, "पैशाचं कसं केलंत गं?" मी म्हटलं, होते थोडे. तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बायका बोलत होत्या, नाय नाय म्हणायची, बघ कसे निघाले. मी हंडा भरला आणि आले. भांडायलाही जोर हवा.

आता सासूबाई दाराशी खाटेवर असतात. शेंगा बंद. त्यांना उचलायला, बसवायला कोणीतरी हवं, म्हणून मी रिसॉर्टवर फक्त शनिवार-रविवार जाते. नवऱ्याचा पगार येतो आणि जातो. नायमध्ये काही पडत नाही. फोनवरचा माणूस अजून येतो, छोट्या रकमेने सुरुवात करा म्हणतो. मी त्याला बोटाने वर सरकवते.

कधी दुपारी सासूबाई वाकून चादर खाजवायला लागतात, जिथे पाय नाही तिथे. "अंगठा खाजतोय," म्हणतात आणि स्वतःच ओशाळून हात मागे घेतात. त्या वेळी तो दुखत होता की नव्हता, हे मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नाय." तो कुठला नाय, ते मला कळलं नाही. या घरात आता ते कळणं कोणालाच शक्य नाही.

म्हणून मी विचारणं सोडलं आणि बघणं सुरू केलं. रोज दुपारी त्यांच्या राहिलेल्या पायाचा मोजा काढते, बोटांच्या बेचक्या बघते, टाच उजेडात धरते. त्यांना ते आवडत नाही, पण करू देतात.

काल टाचेच्या कडेला एक भेग दिसली. लहानच आहे. पण तिच्या भोवतीची कातडी लाल झाली होती, आणि मी बोटाने दाबलं तरी सासूबाई हलल्या नाहीत. मी टाच तशीच हातात धरून बसले होते. गाडीभाडं किती लागेल, ते कुठून आणायचं, नवऱ्याला फोन आता करायचा की तो आल्यावर सांगायचं, सगळं एकदम डोक्यात आलं.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय हाय का गं?"

मी मोजा नीट वर ओढला. त्यांना चहा टाकू का विचारलं. दुपारी झोप लागली का विचारलं. मग सावकाश म्हटलं, "नाय."