बॅटरीला आवळलेली वायर

कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत अजून सांगतात की पनवेलच्या एका दुकानदाराने सोलरचा भंगार डबा बसवून आम्हाला फसवले. साफ खोटे आहे. हे खोटे चेअरमनने रचले आणि माझ्यामुळे ते टिकले. मी जन्मभर वीज शिकवली. विजेच्या बाबतीत माझा शब्द तिथे शेवटचा असे.

लोडशेडिंगच्या वर्षांत जिन्यातल्या दिव्यांसाठी गच्चीवर सोलर बसवायचे ठरले. चार्ज कंट्रोलर कोणता घ्यायचा, हे मी ठरवले. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला हा डबा. बॅटरी भरत आली की तो पॅनेलचा प्रवाह झरझर तोडत-जोडत बेताने देतो आणि बॅटरी फार उतरली की दिवे बंद करतो. साध्या प्रकाराला पीडब्ल्यूएम म्हणतात. त्यात पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर चालावे लागते, वरचे व्होल्ट फुकट जातात. महागडा एमपीपीटी त्या वरच्या व्होल्टचे जादा अँपिअर करून बॅटरीला देतो. पण मुळात वर फारसे काही उरायला हवे ना! आमची पॅनेल छोटी, बारा व्होल्टच्या बॅटरीसाठीच बनवलेली. घरांच्या छपरांवर लावतात तसली मोठी, जास्त व्होल्टची असती तर मीच एमपीपीटीचा आग्रह धरला असता. इथे साधा डबा पुरेसा होता. दुकानदारही तेच म्हणाला. तो कोकणी मुसलमान, आखातात वायरमनकी करून परतलेला. कॉलनीतल्या इमारतींची कामे नुकती कुठे मिळू लागली होती.

गणपतीत मंडपाच्या माळाही त्याच बॅटरीवर जोडल्या. ऐन आरतीत अंधार झाला. डब्याने आपले काम केले होते.

"काका, बाप्पासमोर काळोख? शेजारची बिल्डिंग हसतेय आपल्याला," चेअरमन भडकला.

"बॅटरी उतरलीय. माळा कमी करा."

"माळा कमी करायला इंजिनिअर कशाला लागतो? काहीतरी जुगाड करा ना!"

मी केला. मंडपाची आणि जिन्याची वायर डब्यातून काढून थेट बॅटरीच्या टोकांना आवळली. आता दिवे बंद करणारे मध्ये कोणीच नव्हते. आरत्या झगमगाटात झाल्या, सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. विसर्जनानंतर वायर जागेवर लावायची ती मी लावली नाही. आळस, दुसरे काही नाही. जिन्यातले दिवे रात्रभर जळत, रोज बॅटरी तळापर्यंत उपसली जात राहिली आणि दिवाळीआधी मेली.

चेअरमनने दुकानदाराला बोलावले. तो येण्याआधी मी गच्चीवर गेलो आणि वायर गुपचूप पुन्हा डब्याला जोडली. हा आळस नव्हता.

त्याने मीटर लावून सगळे तपासले. "डबा ठीक आहे, साहेब. तो बॅटरी इतकी उतरूच देत नाही. कुणीतरी थेट वापरलीय."

"म्हणजे आम्ही चोर? एमपीपीटी लावायचा सोडून हे भंगार आणलंस. दुबईत हेच शिकलास काय?"

"या साहेबांनाच विचारा. डबा कुठला घ्यायचा, यांनीच सांगितलेलं."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "साधा चालेल म्हणालो होतो. माल कसला आणला ते यालाच ठाऊक."

त्याने माझ्याकडे पाहिले, डबा उतरवला, काखेत मारला आणि गेला. त्यानंतर कॉलनीतल्या एकाही गेटने त्याला आत घेतले नाही.

पुढे काही वर्षांनी गच्चीवर नवे सोलर घ्यायचे निघाले. "फक्त त्या ठगाला नको," चेअरमन सभेत हसत म्हणाला. मी उठलो आणि वायरीचे सगळे सांगितले.

"काका, वय झालं. आठवणींची सरमिसळ होते," तो म्हणाला. लोक हसले. तो खोटारडा आहे आणि त्याला हसून साथ देणारे त्याहून नालायक. पण त्यांना ही सवय मीच लावली होती.

मी पनवेलला त्या दुकानदाराकडे गेलो. तिथे आता मोबाइलची कव्हरे टांगलेली होती. सभेत काय बोललो ते मी त्याला सांगितले. त्याने ‘बसा’ म्हटले नाही.

"तेव्हा गच्चीवर का नाही बोललात?"

त्याने मागच्या भिंतीकडे बोट केले. तोच डबा होता, हिरवा दिवा लागलेला. खालच्या बॅटरीवर दुकानाचा पंखा फिरत होता.

"चालतोय. मला सांगून काय फायदा? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. आणि परत येऊ नका."

म्हणून हे लिहिले. डबा चांगला होता. वायर मी लावली होती.