इवायाच्या बसचं इंजिन

करडी गावात काहीही फिरायचं थांबलं, की लोक म्हणत, "सुंदरबाईले इचारा." धान भरडायच्या मशीनवरचं डिझेल इंजिन आणलं होतं तिच्या नवऱ्याने, परसरामने. पण इंजिन सुरू झालं की परसरामचं डोकं दुखे. दुसऱ्याच आठवड्यापासून तो शेतात जाऊ लागला आणि सुंदरबाई इंजिनापाशी बसू लागली. याला अकरा वर्षं झाली होती. परसरामचं डोकं तेव्हापासून उत्तम होतं.

१९७४ च्या माघात तिच्या लेकीचं, रुखमाचं साक्षगंध होऊन लग्न पक्कं झालं. नवरदेव शहापूरचा. त्याचे वडील यादोराव, म्हणजे आता सुंदरबाईचे इवाई, यांची वऱ्हाडं नेणारी एक जुनी बस होती. पेट्रोलवरची. पेट्रोल असं महागलं होतं, की एका वऱ्हाडाच्या पेट्रोलात नवरदेवाचं दुसरं लग्न उरकेल, असं लोक म्हणत. यादोरावांनी ठरवलं, पेट्रोलचं इंजिन काढायचं, जुनं डिझेल इंजिन बसवायचं आणि पोराचं वऱ्हाड त्याच बसमधून करडीला न्यायचं.

साक्षगंधाच्या पंगतीत ते परसरामला म्हणाले, "इवाई, तुमच्या घरी इंजिन हाये. तुमसरले चाला, एखादं पाहून द्या."

"मले त्यातलं काही समजत नाही जी."

"मंग इहीनबाईले आणा संगं."

सुंदरबाई वरण वाढत होती. पळी तिथंच थांबली. तिला शेजारच्या गोदावरीबाईची लेक आठवली. तिच्या आंदणात दिलेली गाय दूध देईना. गाय मरून नऊ वर्षं झाली, टोमणा अजून चालू होता. इंजिन गायीपेक्षा मोठं असतं. ते बिघडलं, तर रुखमा जन्मभर ऐकणार. आणि मुलीच्या आईने नवरदेवाच्या बापाला चार लोकांत "तुम्ही चुकता" म्हटलं, तर लग्नच राहतं की नाही कोण जाणे. मुलीची आई इवायाशी तोंड वर करून बोलतही नसे.

ठरल्या दिवशी ती निघाली, तेव्हा तिच्या हातात दोन पायल्या धानाची पिशवी होती. तुमसरला जाताना पिशवी का, हे परसरामने विचारलं नाही.

तुमसरला श्यामराव जुनी इंजिनं विकत. गिऱ्हाइकं बहुतेक मिलवाली, म्हणून शेडच्या कोपऱ्यात दाखवण्यापुरती एक धानाची मशीन पट्टा लावून ठेवलेली. यादोरावांनी बसच्या बॉनेटचं माप सुतळीला गाठी मारून आणलं होतं. त्या मापात दोन इंजिनं बसली. दोन्ही ट्रकची, सहा सिलिंडरची. एक नुकतंच हिरवं रंगवलेलं. दुसरं काळं, तेलकट. श्यामराव त्याच्याकडे पाठ करूनच उभे होते.

यादोराव हिरव्यापाशी गेले आणि तिथून हललेच नाहीत.

सुंदरबाई पदर पुढे ओढून परसरामच्या मागे उभी होती. पोराचा ताप पाहावा तसा तिने उलटा हात हिरव्या इंजिनाला लावला.

"त्याहिले म्हणा," ती परसरामला म्हणाली, "इंजिन गरम हाये. झटक्यात सुरू व्हावं म्हणून आपण यायच्या आधी कोणी चालवून ठेवलं."

यादोराव चार हातांवर होते. परसराम त्यांच्याकडे वळला. "ते म्हणते, इंजिन चांगलं गरम हाये."

"मंग! जीव हाये त्याच्यात."

श्यामरावांनी बॅटरी लावली. इंजिन अर्ध्या फेऱ्यात सुरू झालं. यादोरावांनी डोळे मिटले. "आयका, आयका."

सुंदरबाईने ऐकलं. "त्याहिले म्हणा, एक सिलिंडर कामच नाही करून राहिलं."

"ते म्हणते, एक सिलिंडर शांत स्वभावाचं हाये."

"शांतच पाहिजे बाप्पा! बसमंधी बायाही असतेत."

मग काळं. ते थंडगार होतं. तिसऱ्या वेळेला सुरू झालं आणि एवढा धूर सोडला, की टिनावरचा कावळा उडून गेला. परसरामचं डोकं दुखायला लागलं.

"कायले चालू केलं हे?" यादोराव म्हणाले आणि पिशवीतून नारळ काढला. नारळ हिरव्यावर फुटला, की सौदा पक्का. त्यांनी हातही उचलला.

"त्याहिले म्हणा," सुंदरबाई घाईने म्हणाली, "नारळ फोडाच. पण या इंजिनानं आपल्या घरचं वऱ्हाड येणार हाये. मी धान आणलं. लग्नाच्या अक्षतीचे तांदूळ याच्यावरच भरडून घेऊ. शुभ होईन."

परसरामला यात बदलण्यासारखं काही सापडलं नाही. यादोरावांचा हात खाली आला. शुभाला नाही कसं म्हणणार?

"अजी, बसमंधी माणसं बसतीन, धान नाही," श्यामराव म्हणाले. पण पट्टा चढवला.

मशीनमध्ये धान पडलं आणि हिरवं इंजिन दबलं, मग पळालं, मग पुन्हा दबलं. सुंदरबाईने तांदूळ सुपात घेतले, पाखडले आणि सूप परसरामच्या हाती दिलं. परसरामने ते यादोरावांसमोर धरलं.

यादोरावांनी एक दाणा उचलला. दुसरा उचलला. सूप उजेडात नेलं.

"हे तं कणी हाये."

"मशीनचं पातं घासलं असन जी," श्यामराव म्हणाले.

"कणीच्या अक्षता? माह्या पोराच्या डोक्यावर कणी टाकू काय?"

"त्याहिले म्हणा," पदराआडून आवाज आला, "पात्याले कोणी हात लावू नका. हाये तसंच काळ्यावर भरडा."

या वेळी परसरामने एक शब्दही बदलला नाही. तो एवढ्या मोठ्याने बोलला, की श्यामराव पान्हा घेऊन पात्याकडे निघाले होते ते मधेच थांबले.

पट्टा काळ्यावर चढवायला अर्धा तास गेला. उरलेलं धान पडलं. काळं इंजिन एका सुरात चालत राहिलं, जणू कुणी त्याच्यात काही टाकलंच नव्हतं. वेग हलला नाही, म्हणून दाणाही तुटला नाही; सुपात अख्खे दाणे आले. कणी होती, पण भाजीतल्या मिठाएवढी.

यादोरावांनी हेही सूप उजेडात नेलं. मग काळ्या इंजिनावर नारळ फोडला.

"मी तं आल्याआल्याच याले वळखलं होतं."

"ते म्हणते," परसराम म्हणाला, "तुमची नजरच तशी."

सुंदरबाई काहीच बोलली नव्हती.

वैशाखात वऱ्हाड आलं. वऱ्हाड उशिरा येणार असं धरून करडीत सगळी तयारी होती, आणि बस तासभर आधी आली. बाहेर छप्पन्न माणसं उतरली, आत भात अजून चुलीवर चढायचा होता. परसराम आचाऱ्याकडे धावला. यादोराव बसला टेकून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "मीच निवडलं इंजिन. पारख लागते."

गर्दी मांडवात गेली. बसपाशी यादोराव आणि आरतीचं ताट घेतलेली सुंदरबाई, दोघंच राहिले. यादोरावांनी इकडेतिकडे पाहिलं. परसराम कुठं दिसेना.

"चढावावर थोडं खोकते," ते कडुनिंबाकडे पाहत म्हणाले.

सुंदरबाईने बॉनेटला उलटा हात लावला आणि बॉनेटलाच सांगितलं, "डिझेलच्या नळीत हवा असन. फिल्टरचा पेच ढिला करा, हवा निघाली की घट्ट कसा."

"हं," यादोराव कडुनिंबाला म्हणाले.

तिच्या ताटातल्या अक्षता अख्ख्या होत्या.

बस पुढे बारा वर्षं चालली. रुखमाला सासरी भाजीतल्या मिठावरून ऐकावं लागलं, पहिली मुलगी झाली त्यावरून ऐकावं लागलं, इंजिनावरून कधी नाही. यादोरावांना मात्र लोक जुनं इंजिन निवडायला दूरदूरून बोलावू लागले. जाताना ते दोन पायल्या धानाची पिशवी सोबत नेत. ही आपलीच युक्ती, असं सांगत. पिशवी रुखमा भरून द्यायची.