जळवांचे डाग

त्या मुलीची केस आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत बक्षिसं मिळाली, ती सांगत बसणार नाही. ही सांगतो, कारण तपास माझा होता आणि चूकही माझीच होती.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. कंधार, मुखेड, लोह्याकडची पोरं डॉक्टर व्हायला येत, गल्लोगल्ली मेस आणि हॉस्टेलं. मी शहरात फौजदार होतो. भूकंपाच्या बंदोबस्तात माणसांचे सगळे रंग बघितले, त्यामुळं माणूस समोर आला की आपल्याला कळतो, अशी मला घमेंड. मुलगी हरवल्याची नोंद झाली की ठाण्यात एकच प्रश्न निघायचा, कुणाबरोबर गेली? मीही तोच विचारायचो.

मुलगी एकोणीस वर्षांची, क्लाससाठी हॉस्टेलवर राहणारी, वडील मुखेडकडचे शाळामास्तर. तक्रारीनंतर तिसऱ्या दिवशी स्टँडवरच्या चहावाल्यानं खबर दिली. ती कोल्हापूरच्या गाडीत बसली आणि एक पोरगा तिची बॅग चढवत होता. झालं, माझ्यापुरता तपास तिथंच संपला.

सहाव्या दिवशी ती आपल्या पायांनी परत आली. महिला हवालदारासमोर मी जबाब घेतला.

"बरोबर कोण होता?"

"कोणीच न्हाई."

"आणि बॅग चढवणारा?"

"ओळखीचा न्हाई, साहेब. लई गर्दी होती, त्यानं हात लावला."

"मग गेलीस कशाला?"

"जंगल बघायला," ती म्हणाली. सदाहरित जंगल पुस्तकातून दोन वर्षं पाठ केलं, पण डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. घाटातल्या जंगलात भर दुपारी ऊन खाली येत नाही, झाडं नुसती ठिबकत असतात, असं ती सांगू लागली. मग घाट उतरून समुद्रावर गेली, तिथं काळ्या कातळावर लाट आपटली की तोंडावर पाणी येतं. एका विधवा बाईनं घरी ठेवून घेतलं होतं. तिचं नाव, गाव सगळं सांगितलं. सांगताना पोरगी खुलली होती, आणि मला तेच खटकलं.

हवालदार बाईंनी तिचे पाय दाखवले. घोट्यांभोवती लाल, गोल डाग होते.

"जळवा चावल्या," ती म्हणाली.

मी हसलो. आमच्याकडं जळू तळ्यात असते, म्हशीला लागते. "चालणाऱ्याच्या पायाला जळू कशी लागते गं?"

"तिथं ओल्या पानांवर असतात, साहेब."

खोटं पकडलं म्हणून मी खूश. मला ते विडीचे चटके वाटले.

बाहेर बाकावर वडील बसले होते. म्हणाले, "साहेब, पोरगी खरं बोलत असंल तर तिला वर्ष पुरं करू देतो. न्हाईतर घरी नेतो. तुम्ही सांगाल तसं." त्या विधवा बाईच्या गावच्या ठाण्याला एक वायरलेस केला असता तर काम झालं असतं. मी केला नाही. म्हणालो, "गुरुजी, पोरगी खरं लपवतीय. अब्रू हाय तोवर लग्न उरकून टाका."

ती दारातच उभी होती. "बाबा, ज्या बाईकडं राहिले तिला विचारा की," म्हणाली. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी नाही अशी मान हलवली. रजिस्टरला शेरा मारला, मुलगी मिळून आली, आणि कागद बंद केले.

निवृत्तीनंतर बायकोला घेऊन पावसाळ्यात कोकणात निघालो. वाटेत घाटातल्या जंगलात तासभर चाललो. लॉजवर मोजा काढला तर पाय रक्तानं भरलेला आणि घोट्याला दोन जळवा. सकाळी तिथं लाल, गोल डाग होते. बायको विचारत होती, दुखतं का. मी ते डागच बघत बसलो. पुढं समुद्रावर गेलो, पण तिकडं नीट बघताही आलं नाही.

गुरुजींच्या शाळेत चौकशी करून तिचं सासर काढलं. लोह्याजवळ. केस झाल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात लग्न लावून दिलेलं. ती किराणा दुकानात साखर तोलत होती. मला लगेच ओळखलं. मी उभ्यानंच म्हणालो, "तू खरं बोलत होतीस. माझी चूक झाली."

"मला कशाला सांगता, साहेब?" ती म्हणाली. "मी तर त्या जंगलात होतेच. बाबांना सांगायचं होतं."

"कुठं असतात गुरुजी?"

"दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. शेवटपर्यंत कधी विचारलं न्हाई, तू तिकडं काय बघितलं म्हणून."

गिऱ्हाईक आलं, ती तिकडं वळली. तिनं चहा मागवला आणि मी तो पिऊन निघालो. कुणी नवा फौजदार भेटला की त्याला सांगतो, जबाबात लिहिलेलं कोर्टात तपासलं जातं. पण बाकावर बसलेल्या बापाला आपण तोंडानं जे सांगतो, ते कुठल्याच कागदावर नसतं. बाप मात्र ते खरं धरून घरी जातो.