झुलालभाऊंची फळी

झुलालभाऊ गप्प बसलेले मी पाहिले आहेत. पिंप्राळ्यात हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

त्यांचं सलून आमच्या कॉलनीच्या तोंडाशी आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा. मूळचे धुळ्याकडचे, जळगावात येऊन तीस वर्षं झाली, पण बोली गावाकडचीच राहिली. माझं जावळ त्यांनीच काढलं. आता मी एम.ए. होऊन नोकरी शोधतोय आणि दुपारी त्यांच्या बाकड्यावर बसतो. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. तरी मित्रच.

हात चालतो तोवर त्यांचं तोंड चालतं. लहान मूल आलं की खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची, त्यावर मुलाला बसवायचं आणि मशीन लावायच्या आधीच सुरू करायचं, "व्हई गयं रे राजा, व्हई गयं." म्हणजे झालं, संपलं. झालेलं काहीच नसायचं. मूल मान हलवायचं थांबे तेवढ्यात भाऊ एक बाजू उरकून घेत.

भुऱ्या त्यांच्या पायरीवर झोपतो. रस्त्यावरचाच कुत्रा, सहा वर्षांपूर्वी आला आणि राहिला. या उन्हाळ्यात त्याला गाठ आली. गाठीतून रक्त यायला लागलं तेव्हा आम्ही त्याला स्कूटरवर मध्ये बसवून जनावरांच्या डॉक्टर सारिकाताईंकडे नेलं.

औषध होतं. आठवड्यातून एकदा, शिरेतून, पाच-सहा वेळा. त्या दिवशी चौघांनी त्याला स्टीलच्या टेबलावर दाबून धरलं. पाय घसरत होते. पायावरचे केस काढायला मशीन सुरू झालं आणि त्याने टेबलावरच मुतलं. भाऊ त्याच्या कानाशी सारखे म्हणत होते, "व्हई गयं, व्हई गयं." तीनदा सुई शिरली, तीनदा निसटली.

डॉक्टरांनी हात मागे घेतला. "हे औषध शिरेबाहेर गेलं तर पायाचं मांस जळतं. असं दाबून मी देणार नाही."

"झोपेचं इंजेक्शन?" मी विचारलं.

"हृदय कमजोर आहे त्याचं. दर आठवड्याला नाही झेपणार. एक आठवडा थांबते. रोज आणा, मी टोचणार नाही. तो स्वतःहून उभा राहिला तर देऊ. त्याहून उशीर गाठ करू देणार नाही."

घरी येताना भाऊ भुऱ्याकडे बघून म्हणाले, "जावळना पोरगा आन् हाऊ, फरक काय शे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फळी जमिनीवर ठेवली. वर टॉवेल. भुऱ्या चढला की भाकरीचा तुकडा. मग मशीन, आधी दाराबाहेर सुरू करून, मग खुर्चीमागे, मग जवळ. पात्याची बाजू नाही. पाठीची गुळगुळीत बाजू त्याच्या पायाला टेकवायची आणि काढून घ्यायची. रडक्या मुलांच्या गालाला ते असंच करतात. तिसऱ्या दिवशी फळी स्कूटरवर घेतली. डॉक्टरांच्या टेबलावर फळी, फळीवर भुऱ्या. पाय घसरले नाहीत. स्पिरिटचा बोळा फिरवला तरी उभा.

भाऊ खूश झाले. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "व्हई गयं रे."

भुऱ्या थरथर कापायला लागला आणि उडी मारून टेबलाखाली गेला.

चौथ्या दिवशीही तेच. सलूनमध्ये आलो तेव्हा मी सांगून टाकलं. "भाऊ, मशीनला नाही घाबरत तो. तुम्ही बोलता त्याला घाबरतो."

"मन्हा आवाजले?"

"आवाजाला नाही. 'व्हई गयं'ला. त्या दिवशी प्रत्येक सुईच्या आधी तुम्ही तेच म्हणत होता."

ते खुर्चीत बसले. गिऱ्हाईक बसतं त्या खुर्चीत.

"मंग काय सांगू त्याले?"

"काहीच नका सांगू."

"मी उगा बसनू तं हात चालत नही मन्हा."

सुंदरवहिनी डबा घेऊन आल्या होत्या. त्या दारातून म्हणाल्या, "लगीन व्हयनं तव्हापासून वाट पाहस मी, हाऊ माणूस एक डाव उगा बसाले पाहिजे."

भाऊंनी सराव सुरू केला. दोन दिवस ते न बोलता दाढ्या करत होते. एका गिऱ्हाइकाने दाढ काढली का विचारलं. दुसऱ्याने मला बाहेर बोलावून विचारलं, घरी काही झालंय का.

सोमवारी सलून बंद असतं. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. फळी, टॉवेल, भुऱ्या. दाढी करताना हनुवटी धरतात तशी भाऊंनी दोन बोटांवर त्याची हनुवटी धरली. मशीन फिरलं. सुई शिरली. भाऊंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. कपाळावरून घाम नाकावर आला, तोही त्यांनी पुसला नाही. नळीतलं औषध संथपणे खाली जात होतं. भुऱ्याचा एक कान हलला. तेवढाच.

डॉक्टरांनी सुई काढून कापूस दाबला. "झालं."

"खरंच?" भाऊंनी विचारलं.

"खरंच."

मग ते वाकले आणि त्याच्या कानात म्हणाले, "व्हई गयं." तो थरथरला. आम्ही सगळे थांबलो. या वेळी पुढे सुई आली नाही. त्याने वर पाहिलं.

चौथ्या सोमवारी ते शब्द ऐकताच तो फळीवरून स्वतः उतरून दाराशी गेला. गाठ आता हरभऱ्याएवढी उरलीय. अजून एक डोस आहे.

काल एक बाई मुलाला घेऊन आली. मूल फळीवर बसलं. मशीन सुरू होताच त्याने विचारलं, "झालं?"

"झालं, झालं," आई म्हणाली.

भाऊंनी मशीन बंद केलं. "नही रे राजा. आजून बाकी शे."

मूल मोठ्याने रडलं. आई भाऊंकडे रागाने बघत राहिली. भाऊ मशीन हातात धरून थांबले. मुलाचं रडणं ओसरल्यावर एक पट्टा काढला, पुन्हा थांबले. नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. बाकड्यावरचं एक गिऱ्हाईक उठून गेलं.

मग त्यांनी मानेवरचे केस झटकले, टॉवेल काढला आणि म्हणाले, "व्हई गयं."

मुलाचा विश्वास बसला नसावा. ते हललंच नाही. पायरीवरचा भुऱ्या मात्र उठला, अंग झाडलं आणि रस्त्याला लागला.