सगळ्याला नकार

बाबांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, आणि कुठेही बिघाड झाला की आधी स्वतःला दोष द्यायची खोड काही सोडली नाही. गिऱ्हाईकाने घड्याळ पाण्यात बुडवून आणलं, तरी म्हणायचे, झाकण मीच नीट बसवलं नसेल. त्यामुळे त्या सकाळी सुनेच्या दाराशी येऊन ते म्हणाले, "माझं फोल्डर उघडत नाही, मीच काहीतरी दाबलं असेल," तेव्हा तिनेही ते खरंच धरलं.

कपाटावरचा छोटा सर्व्हर तिचा. कंपन्यांची नेटवर्क सांभाळणं हे तिचं काम, आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं तिनेच त्या एका डब्यात आणली होती. घड्याळ खोलताना बाबा प्रत्येक भागाचा फोनवर फोटो घेत. तो आपोआप, सुनेच्याच खात्यातून, सर्व्हरवर त्यांच्या फोल्डरमध्ये जाई आणि फोनमधून निघून जाई. जोडताना ते तेच फोटो मोठ्या पडद्यावर उलट क्रमाने बघत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचं हे पहिलंच काम होतं. शेजारणीच्या आईचं भिंतीवरचं घड्याळ. त्याची चक्रं नि स्क्रू टेबलभर पसरले होते, शेजारीण संध्याकाळी न्यायला येणार होती, आणि पडद्यावर एकच ओळ : परवानगी नाही.

तिने पासवर्ड तपासला. बरोबर होता. फोल्डर बाबांच्याच नावावर होतं. मग वाचायची, लिहायची, होती नव्हती ती सगळी परवानगी तिने देऊन टाकली. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. ओळ हलायला तयार नाही.

"तुझी मीटिंग असेल, राहू दे," बाबा म्हणाले. "आठवेल तसं जोडतो. एखाददुसरं चक्र उरलं तर चिमीला भोवरा होईल."

चिमी म्हणजे तिची मुलगी. तिचं नाव निघालं आणि सून थबकली. तिने सगळ्यांत वरचं फोल्डर उघडलं. तिथे बाबांच्या नावापुढे नकार होता, सगळ्याला नकार. वर असा नकार बसला की खाली कितीही परवानग्या द्या, हा सर्व्हर नकारच ऐकतो. ऑफिसात नव्या लोकांना हे तीच शिकवायची.

तो तिनेच घातला होता. ऑपरेशनच्या आधी बाबांच्या हातून चिमीच्या पहिल्या पावलांचे फोटो पुसले गेले, तेव्हा. ती त्यांना एका शब्दाने बोलली नव्हती आणि त्याचं तिला मनातून कौतुकही वाटलं होतं. फणकाऱ्यात फक्त नकाराच्या चौकटीत एक खूण केली. फोटो तर बॅकअपमधून लगेच परत आले. खूण काढायची राहून गेली.

तिने ती काढली. चक्रांचे फोटो पडद्यावर आले. बाबांनी भराभर दोन-तीन पुढे सरकवले, हवा तो सापडल्यावर मान डोलावली आणि विचारलं, काय झालं होतं? सर्व्हरचं काहीतरी, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

"मी तुम्हाला बंद केलं होतं, बाबा. चिमीचे फोटो गेले म्हणून. नंतर विसरले."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"असं होय," ते म्हणाले. "डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा आधी तेच बघायला गेलो होतो. उघडेनात. म्हटलं, तुम्हीच ठेवलं असेल तसं. बरोबरच आहे म्हणा."

तिने चिमीचं फोल्डर उघडलं आणि माउस त्यांच्यापुढे सरकवला. मघाशी तोच माउस त्यांच्या हातात सरावाने फिरला होता. आता मात्र त्यांनी हात मागे घेतला.

"तूच दाखव," ते म्हणाले. "मी नुसतं बघतो."