चुन्याची गाडी

शिमगा झाला की निपाणीत ऊन चढायला लागायचं आणि त्याच्या जोडीनं आमच्या आईची भुणभुण. पाडव्याच्या आत घराला आणि वखारीला चुना लागला पाहिजे, हा आमच्याकडचा नेम. घराला शोभेसाठी, वखारीला पोटासाठी. वखारीवर पत्रा होता. चैत्रात तो तापला की आतली तंबाखू वाळून कडकडीत व्हायची, बोद, म्हणजे तंबाखूचं भलंमोठं पोतं, नुसतं हलवलं तरी पूड उडायची. म्हणून पत्र्यावर डिंक घातलेल्या चुन्याचे दोन जाड हात द्यायचे. मग भर दुपारीही आत माणूस बसू शकायचा.

त्या वर्षी आप्पा, म्हणजे माझे वडील, "चुन्याचं मी बघतो" म्हणाले होते. आप्पांच्या 'बघतो' आणि 'बघू' या दोन शब्दांवर आमचं घर उभं होतं. पुढं सरकत नव्हतं, एवढंच. माझं लग्नही त्याच 'बघू'त अडकलं होतं.

दिवाळीनंतर आम्ही चिकोडीकडच्या एका गावी मुलगी बघायला गेलो होतो. घर आमच्यासारखंच जैन, शेतीवाडीचं, पण बोली सगळी कानडी. मी बेळगावात मॅट्रिकपर्यंत शिकलेला, त्यामुळे मला कानडी येत होतं. काळा कोट घालून मी भिंतीला टेकून ऐटीत बसलो. बघण्याचा कार्यक्रम संपला, आम्ही उठलो, आणि पाण्याचा तांब्या न्यायला आलेली मुलगी जाता जाता हळूच कानडीत म्हणाली की, तुमची पाठ पांढरी झाली आहे. भिंतीला नुकताच चुना दिलेला होता. तिथल्या पाचसहा मोठ्या माणसांनी माझी पाठ पाहिली असणार, सांगितलं एकटीनं. लग्न करायचं तर हिच्याशीच, हे मी कोट झाडतानाच ठरवून टाकलं.

मुलीच्या वडिलांनी पाडव्यापर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. तोवर होकार आला नाही तर दुसरीकडे शब्द देणार, असं त्यांनी गोड बोलून पण स्पष्ट सांगितलं होतं. आप्पांना मुलगी पसंत होती, घर पसंत होतं. विचारलं की म्हणायचे, "बघू." नापसंतीशी भांडता येतं. 'बघू'शी कसं भांडायचं? माघ गेला, फाल्गुन संपत आला. मला जेवण जाईना, आणि आईला वाटे, उन्हामुळं.

पाडव्याला आठवडा उरला असताना आप्पा संकेश्वरच्या बाजाराला गेले. ते तिकडे असतानाच शुक्रवारी मुलीच्या वडिलांचं कार्ड आलं. मोडीत लिहिलेलं. ते आमच्या दिवाणजींनी सोप्यात उभं राहून मोठ्यानं वाचलं. दिवाणजी साताऱ्याकडचे. त्यांना कानडीचं अक्षर कळत नव्हतं; पण कानडी मुलखातल्या चालीरीती आपल्याला पाठ आहेत, अशी त्यांची समजूत होती.

"बोलल्याप्रमाणे सून तयार आहे," त्यांनी वाचलं. "पांढरंफेक आहे. सोमवारी गाडीतून पाठवतो. आल्याबरोबर पाण्यात घालावं. फार तापेल, फुसफुसेल, घाबरू नये. तीन दिवसांनी गार होईल, मग कामाला लावावं. उरलं तर परत पाठवू नये."

आई मटकन खाली बसली.

आमच्या भागात लग्न मुलाच्या दारात व्हायचं, नवरीला गाडीतून आणायचे. तेव्हा आईच्या मनात आलं ते अगदीच वेडेपणाचं नव्हतं. आप्पा घरात काही सांगत नसत. यांनी परस्पर लग्न ठरवलं आणि आपल्याला पत्ता लागू दिला नाही, असं तिनं धरलं. आधी ती रडली. मग कंबर बांधून उठली.

'पांढरंफेक', 'तापेल', 'उरलं' यांचं काय, असं कुणीतरी विचारलंच. दिवाणजी म्हणाले की कानडी माणसाच्या मराठीत लिंगाचा भेद नसतो, सगळी एकाच पंगतीला बसतात. पाण्यात घालणं म्हणजे आल्याबरोबर न्हाऊ घालणं, तिकडची रीत. तीन दिवस तापणं म्हणजे मुलगी माहेरच्या आठवणीनं चिडचिड करणार, हे बापानं मोकळ्या मनानं आधीच कळवलं. 'उरलं तर' याच्यापाशी ते जरा थबकले. मग म्हणाले, तो शिधा असावा.

मी कार्ड हातात घेतलं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नसते, आणि या गृहस्थांचा 'न' कुठला आणि 'ण' कुठला हे सांगायला भिंग लागलं असतं. पण कानडीत चुन्याला सुण्ण म्हणतात, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या गावाबाहेर चुन्याची भट्टी होती, तीही मी पाहिली होती; आप्पांनी चुना तिथूनच सांगितला असणार. मी ते कार्ड दोनदा वाचलं, घडी न घालता कोनाड्यात ठेवलं आणि गप्प बसलो. हे मी आज प्रथमच कबूल करतो असं नाही, पण त्या दिवशी केलं नाही.

पुढचे दोन दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दारात मांडव पडला. गल्लीतल्या बायका हळद दळायला जात्यावर बसल्या. बस्तीतले, म्हणजे आमच्या जैन मंदिरातले, उपाध्ये मुहूर्त विचारायला आले आणि सरबत पिऊन गेले. आई मधेच भिंतींकडे बघून कळवळायची. नवी सून येणार आणि भिंती कळकट. चुन्याचं बघतो म्हणाले आणि सून ठरवून बसले, असं ती ज्याला त्याला सांगत होती. मला हसू येत होतं, पण सोमवारी हे सगळं माझ्याच अंगावर कोसळणार होतं.

सोमवारी सकाळी गाडी आली. चार बायका पुढं, आई मधे, हातात ओवाळायचं ताट. गाडीवर ताडपत्री बांधलेली होती. दिवाणजी दबक्या आवाजात म्हणाले की उन्हासाठी झाकलं असेल. गाडीवानानं उतरून दोर सोडला, ताडपत्री ओढली. आत पोती होती, आणि एका फाटक्या पोत्यातून चुन्याचे पांढरेशुभ्र खडे डोकावत होते.

"सुण्ण री," तो म्हणाला.

आईच्या ताटातलं निरांजन तेवढं जळत होतं. तेवढ्यात कोपऱ्यावरून छत्री घेतलेले आप्पा आले. त्यांनी मांडव पाहिला, बायका पाहिल्या, चुन्याला ओवाळायला उभी असलेली आपली बायको पाहिली. काय चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा दिवाणजींनी कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः वखारीकडे चालू लागले. आप्पांनी कार्ड वाचलं. मग वर बघून सगळ्यांना सोडून नेमकं मला शोधलं.

"तुला कानडी येतंय न्हवं रं?"

"येतंय."

"हे वाचलंस?"

"वाचलं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जन्मभर कानावर पडलेलं तेवढंच बाहेर आलं.

"बघू म्हटलं," मी म्हणालो.

एक बाई फिसकन हसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. आप्पांचा चेहरा लाल झाला. आता थोबाडीत बसणार म्हणून मी गाल तयार ठेवला. पण त्यांच्या आधी आई बोलली, आणि आवाज न चढवता बोलली.

"मांडव पडलाय, हळद दळून झालीया. हे ताट मी तसंच आत न्यायची न्हाय. काय बघायचं ते आत्ता हितंच बघा."

आप्पांनी छत्री मिटली. पुन्हा उघडली. पुन्हा मिटली. मग गाडीवानाकडे वळून त्याला कानडीत सांगितलं की, मालकांना सांग, सुण्ण पोचलं. परवा आम्ही सूनही ठरवायला येतो. आईनं ताट खाली न ठेवता आधी गाडीवानाला ओवाळलं, मग बैलांना. तो बिचारा अंग चोरून उभा राहिला.

दुपारी वखारीमागच्या हौदात खडे टाकून वर पाणी ओतलं. चुना तापला, फुसफुसला, उकळ्या फुटून वाफेचे लोट वर आले. दिवाणजी कार्ड आठवून मान हलवत होते. मी हौदाच्या अगदी काठावर उभा होतो. मला इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले होते. आप्पा शेजारी येऊन उभे राहिले. चुन्याची वाफ डोळ्यांत जाते, मागं सरक, म्हणाले. मी मागं सरकलो.

ते तिथंच थांबले. आपलं उपरणं काढून माझी पाठ झाडू लागले. पोती उतरवताना ती पुन्हा पांढरी झाली होती.